डोल वर घेण्याचे दिवस

बाजाराच्या दिवशी सुक्या बोंबलांचा वास शाळेच्या खिडकीतून आत येतो. माझ्या वर्गातल्या मुलांना त्या वासानं भूक लागते. मला परीक्षा आठवते.

तलासरीचा बाजार फाल्गुनात रंग बदलतो. पाड्यांवरून उतरलेल्या बाया मोहाची फुलं टोपलीत घेऊन सावली धरून बसतात. त्यांच्या समोर डहाणूकडच्या मच्छीवाल्या बाया पाट्या मांडतात, आणि दोन्हीकडून अशी घासाघीस चालते की वारली, मराठी, गुजराती कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते कुणाला सांगता येऊ नये. मी फळ्याकडे तोंड करून उभी असते. हातात खडू असतो, आणि नाकात माझ्या आईचं अंगण.

अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात यंदा लक्षी नावाची मुलगी आहे. डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावरची, वारली. तिच्या पाड्यावरून एस.एस.सी.ला बसणारी पहिलीच मुलगी. ती शाळेत येते तेव्हा तिचं अर्धं आयुष्य जगून झालेलं असतं: पाणी भरून, दळण दळून, धाकट्या भावंडांना भरवून. बाकावर बसली की डोळे ताणून उघडे ठेवते, जणू कुणी त्यांवर पहारा बसवलाय. परवा मी तिला विचारलं, "लक्षी, तू झोपतेस कधी गं?"

"परीक्षा झाल्यावर, बाई."

ती हसली नाही. मलाही हसता आलं नाही. हे उत्तर माझं होतं. तिच्या वयाची असताना, डहाणूला, याच महिन्यात, मी ते छाती पुढे काढून दिलं होतं.

माझं घर डहाणूच्या खाडीजवळच्या मच्छीमारांच्या पाड्यात. बाप डोलीच्या जाळ्यावर मासेमारीला जायचा. आई बोंबील सुकवायची आणि विकायची. मी शिकायची, हा आमच्या घरातला तिसरा धंदा, आणि त्यात अजून काही उत्पन्न नाही असं बाप म्हणायचा.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. घरात पुस्तक नव्हतं; पत्रकं मात्र होती. तलासरीच्या शेतमजुरांच्या संघटनेच्या कचेरीत छापून उरलेली, शाई फुटलेली, वाकडी कापलेली पत्रकं मला मिळत. एका बाजूला "वेठबिगारी गाडा" आणि पाठकोऱ्या बाजूला माझी बीजगणिताची समीकरणं. कागद पातळ होता. घोषणा मागून उमटायच्या. क्ष ची किंमत काढता काढता मला "जमीन कसणाऱ्याची" दिसायची. अशा कागदावर वाढलेल्या मुलीला दोन गोष्टी लवकर कळतात: जगात अन्याय आहे, आणि वेळ नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे स्वतःला एक शरीर आहे, ही कुठल्याच पत्रकात नव्हती.

ती कचेरी म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली. शेणानं सारवलेली जमीन, एक पत्र्याची ट्रंक, शाईनं बरबटलेलं सायक्लोस्टाइलचं यंत्र, आणि सुमतीताई. ताई पुण्याकडच्या. माझ्या जन्माच्या सुमाराला इकडे आल्या आणि परत गेल्या नाहीत. जाडंभरडं लुगडं, अनवाणी पाय, आणि चालणं असं की पाड्यावरची पोरं त्यांच्यामागे पळत. मी दर रविवारी एस.टी.नं तलासरीला जायची, बायकांना अक्षरं शिकवायची, मग ताईंसोबत पत्रकांचा मजकूर लिहायची. ताई जेवायच्या नाहीत असं नाही; पण त्यांना जेवताना मी फारशी पाहिलेली नाही. काळा चहा, कुणी दिली तर भाकरी, आणि खोकला. तो खोकला मला तेव्हा त्यांच्या आवाजाचाच भाग वाटायचा. मला ताई व्हायचं होतं, म्हणून मी काळा चहा प्यायला लागले. खोकला तेवढा जमला नाही.

शाळेत दुसरे एक गुरू होते, आणि त्यांच्यावर माझा राग होता. राऊत सर गणित शिकवायचे. घोलवडला त्यांच्या घरची चिकूची वाडी. अंगात स्वच्छ सदरा, जेवण वेळेवर, शाळा सुटली की समुद्रावर फेरी. वर्गात ते अभ्यासाबरोबर जगण्याचंही वेळापत्रक सांगायचे. सकाळी दूध, संध्याकाळी मोकळी हवा, डोळे दुखायच्या आत वही मिटायची. दूध! आमच्या पाड्यात दूध चहात पडायचं, तेही पाहुणा असला तर.

एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"शेवंता, सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"चहा, सर."

"आणि काल?"

मी वही पुढे केली. त्यांनी टेबलाच्या खणातून चिकू काढला, चाकूनं चार फोडी केल्या आणि माझ्या वहीवरच ठेवल्या. "आधी हे. मग समीकरण."

"हे कुणी तोडले, सर?" मी विचारलं. आवाजात पत्रक होतं.

सरांना राग आला नाही. "आमच्या वाडीवरच्या माणसांनी तोडले. तू खाल्ला नाहीस तर त्यांची मजुरी वाढेल काय?"

"खाल्ला तर वाढेल?"

"नाही," सर म्हणाले. "पण तुझं समीकरण सुटेल. आणि उद्या मजुरीचा हिशेब मांडायला कुणीतरी समीकरण सुटलेलं लागेलच की."

मी चिकू खाल्ला नाही. फोडींचा रस वहीवर उतरला आणि कागदाला डाग पडला. तो डाग मला विजयासारखा वाटला. आज मला वाटतं, राऊत सर माणसाच्या शरीराबद्दल बरोबर होते आणि दुधाबद्दल चूक. ज्याच्या घरी दूध आहे त्यानं दूध पी म्हणून सांगावं, हा उपदेश नव्हे, ही वर्दी आहे, आपल्या घरी काय काय आहे त्याची. पण चिकू त्यांनी स्वतः चिरून दिला होता. उपदेश आणि चिरलेलं फळ यांतला फरक कळायचं माझं तेव्हा वय नव्हतं. किंवा वय होतं, पण वेळ नव्हता.

त्या वर्षी सगळंच एकदम आलं होतं. परीक्षा तोंडावर. सीमेचा वाद पेटलेला; आमचा तालुका कुठल्या राज्यात जाणार यावरून बाजारात माणसं हमरीतुमरीवर येत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना एकमेकांकडून मीठ आणि मासळी घ्यावी लागे. पत्रकं रोज लागत. बोंबीलही रोज येत. सकाळी मी आईबरोबर अंगणात असे. बोंबील सुकवायचे म्हणजे बांबूच्या वलांड्यांवर दोऱ्या ताणायच्या आणि एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. त्याचे दात बारीक असतात. बोटं सोलून निघतात. त्या बोटांनी मी शाळेत लेखणी धरायची आणि संध्याकाळी शाईचा रूळ फिरवायची. मिठाच्या पाण्यानं चिरलेल्या बोटांत शाई भरली की ती धुतल्यानं जात नाही. मला त्याचा अभिमान होता. मुलींच्या बोटांवर मेंदी असते, माझ्या बोटांवर चळवळ होती!

आणि मग एका सकाळी मी वलांडीखाली पडले.

काही नाट्यमय घडलं नाही. ऊन वर आलं होतं, मी हात उंच केला, आणि दोरीवरचे बोंबील एकाएकी पांढऱ्या धुक्यासारखे झाले. शुद्धीवर आले तेव्हा आई तोंडावर पाणी मारत होती आणि शेजारची जनीकाकी म्हणत होती, "शिकून शिकून पोरगी बोंबील झाली गो. टांग हिलाच दोरीवर."

बाया हसल्या. बाप हसला नाही. तो जाळ्याशी बसला होता, तिथूनच म्हणाला, "सावलीत बसून वाचायचं काम, तेवढ्यानं पडते. परीक्षेला कशी बसणार? पुरे झालं आता. झाईचं स्थळ हाय, होय म्हणून कळवतो."

बाप वाईट नव्हता. त्यानं पाण्यात माणसं गेलेली पाहिली होती. पडणाऱ्या माणसाला होडीत घ्यायचं नाही, एवढं त्याला ठाऊक. पण त्या वाक्यानं माझ्या पायाखालची वाळू सरकली. परीक्षा गेली की झाई. माझ्या लेखी त्या गावाचा अर्थ तेवढाच उरला: सासर, वलांडी, आणि शेवटपर्यंत वलांडी. मी ठरवलं, पुन्हा कुणाला दिसेल असं पडायचं नाही. थकवा लपवायचा. चालताना भिंतीला हात लागला तर सहज लागला असं दाखवायचं. खरं तर जास्त खायला हवं होतं, जास्त झोपायला हवं होतं. मी उलटं केलं. झोपले तर लोक म्हणतील, थकली. म्हणून मी झोपेनाच.

हा वेडेपणा माझा एकटीचा होता असं मला वाटत नाही. आमच्या सगळ्या पिढीनं हा धडा गिरवला आहे. ज्यांना शिकण्याचा हक्क जन्मानं मिळत नाही, त्यांना थकण्याचाही मिळत नाही. श्रीमंताचं पोर थकलं की त्याला थंड हवेच्या ठिकाणी नेतात. आमचं पोर थकलं की त्याचं शिक्षण थांबवतात. मग आम्ही थकतच नाही. थकायचं नाकारतो, आणि त्या नकाराला शिस्त म्हणतो, निष्ठा म्हणतो. पत्रकात छापतो.

ताईंना आमच्या पाड्यात बायकांची सभा घ्यायची होती. पाड्याला गोड्या पाण्याची विहीर नव्हती, त्याबद्दल अर्ज करायचा होता. त्यांनी दिवस ठरवला. मी म्हटलं, "ताई, त्या दिवसांत उधाण आहे. बोंबील येतील. बाया मोकळ्या नसतील."

ताई हसल्या. "शेवंता, इतिहास भरती-ओहोटी बघून चालत नसतो."

काय वाक्य होतं! मी ते लगेच पत्रकाच्या माथ्यावर घातलं.

सभेला कुणी आलं नाही. ताई वडाखाली उभ्या होत्या, मी शेजारी, आणि समोर अख्खा पाडा पळत होता. होड्या लागल्या होत्या, पाट्या उतरत होत्या, बाया कमरेत वाकून बोंबील धूत होत्या. जाता जाता एकेक ओरडायची, "ताई, बसा हां, आलोच!" आणि येत नव्हती. ताई थोडा वेळ थांबल्या. मग पदर खोचला आणि सरळ आमच्या वलांडीपाशी येऊन बोंबील अडकवायला लागल्या. शेपटीकडून.

"अगो बाय," जनीकाकी ओरडली, "शेपटीनं नाय, तोंडानं! तुमी सभेत बोलता तसं. तोंडाला तोंड लावायचं."

ताई इतक्या हसल्या की खोकला लागला, आणि खोकला थांबेपर्यंत वलांडीचा बांबू धरून उभ्या राहिल्या. आई त्यांच्याकडे बघत होती. मासळीकडे बघतात तसं, ताजी आहे की उतरलेली हे ओळखायला.

"मग तुम्हाला सवड असते तरी केव्हा?" ताईंनी विचारलं.

"भांगाला या," आई म्हणाली.

ताईंना भांग माहीत नव्हता. आईनं हातातलं काम न थांबवता सांगितलं, की अमावस्या-पुनवेला पाण्याला जोर असतो. डोल ही खांबांना बांधलेली जाळ्याची भली मोठी पिशवी. पाणी ओढीनं तिच्या तोंडात शिरतं, तेव्हा मासळी येते. अष्टमीच्या सुमाराला पाणी मवाळतं, ओढ जाते. तोच भांग. मग डोल वर घ्यायची, वाळवायची, फाटलेलं शिवायचं. पुरुष जाळ्याशी, बाया अंगणात.

"आणि वर घेतलीच नाही तर?" ताई म्हणाल्या. "पाण्यातच ठेवली तर?"

"ठेवा की," आई म्हणाली. "कुजेल. मग उधाण येईल नि तुमच्याकडं डोल नसेल."

आईनं हे काही शिकवण म्हणून सांगितलं नव्हतं. पाड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट ती परगावच्या बाईला सांगत होती, आणि लगेच माझ्यावर खेकसली, "तू काय उभी? पाटी उचल." पण ताईंनी पुढचा भांग कधी ते तिला विचारून घेतलं.

भांगाला त्या परत आल्या.

ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते, आणि ती आठवली की आधी लाज वाटते, मग राग येतो, मग बाकी काय वाटतं त्याला माझ्याकडे शब्द नाही. वलांड्या मोकळ्या होत्या. दोऱ्या वाऱ्यावर नुसत्याच हलत होत्या. किनाऱ्यावर डोली पसरलेल्या, पुरुष त्यांच्या कडेनं बसून शिवत होते. आमच्या अंगणात बाया जमल्या होत्या. कुणी केसांना तेल लावत होती, कुणी दुसरीचं डोकं बघत होती, कुणी नुसतीच पाय पसरून बसली होती. समुद्र लांब आणि शांत होता. ताई ओट्याच्या खांबाला टेकून बसल्या, विहिरीबद्दल बोलू लागल्या. आई म्हणाली, "जरा दम घ्या, पाणी प्या, सगळ्या येऊ देत." ताई पाणी प्यायल्या. जनीकाकी आपल्या सुनेची काहीतरी गंमत सांगू लागली. ताई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची मान खांबाला लागली.

त्या झोपल्या होत्या. स्वतःच्याच सभेत.

माझ्या अंगाची लाही झाली. बायांनी हे पाहावं? संघटनेबद्दल काय वाटेल त्यांना? मी उठवायला पुढे झाले. आईनं माझं मनगट धरलं. "हात लावू नकोस."

"आई, सभा आहे!"

"सभा कुठं पळते? बस खाली."

जनीकाकीनं सुनेची गोष्ट अर्ध्यावर सोडली. एक बाई उठली आणि खेळणाऱ्या पोरांना हाकलून आली. दुसरीनं आपलं लुगडं घडी करून ताईंच्या मानेखाली सरकवलं. आईनं त्यांना हळूच आडवं केलं, पाठीखालून हात काढला आणि बायांकडे बघून म्हणाली, "हाडं लागतात गो हिची." मग कुणीच काही बोललं नाही. ज्या बाया बाजारात एकमेकींच्या झिंज्या उपटतात, ज्यांचा आवाज खाडीपलीकडे जातो, त्या सगळ्या जणी ऊन अंगणातून सरकेपर्यंत तोंडात शब्द न घेता बसून राहिल्या. तेल लावणारीचे हात तेवढे हलत होते. मी आजवर पुष्कळ सभा पाहिल्या. इतकी एकजूट कुठल्याच सभेत पाहिली नाही.

मी मात्र धुमसत होते. मला वाटत होतं, माझी देवता माझ्या अंगणात, माझ्याच माणसांच्या देखत कोसळली.

ताई जाग्या झाल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. क्षणभर त्यांना कुठे आहोत ते कळेना. मग माझ्याकडे बघून कडाडल्या, "मला उठवलं का नाहीस?"

माझ्याऐवजी आई म्हणाली, "मी नाय उठवू दिलं. सगळ्या इथंच हायत. बोला आता विहिरीचं."

ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग सभा झाली. अर्जावर अंगठे उठले. दिवेलागणीला संपलीही. एस.टी.पर्यंत मी पोचवायला गेले. वाटेत ताई म्हणाल्या, "उद्यापासून कचेरीत यायचं नाही. परीक्षा होईपर्यंत."

मला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. "माझं काही चुकलं?"

"तू पडली होतीस, ते तुझ्या आईनं मला सांगितलं."

"एकदाच पडले. मी करू शकते, ताई. तुम्ही नाही का करत? तुम्ही कधी थांबता?"

"म्हणूनच सांगतेय." त्या थांबल्या. धाप लागली होती. "माझ्याकडून पुष्कळ काही शीक, शेवंता. हे एवढं शिकू नकोस. मला थांबता येत नाही. तुझ्या आईला येतं."

एस.टी. आली, त्या गेल्या, आणि मी रस्त्यावर उभी राहून रडले. दुःखानं नाही. हाकलून दिल्यासारखं वाटलं म्हणून.

घरी आले तर आईचं आणि बापाचं जुंपलं होतं. आई म्हणत होती, "परीक्षा होईतो ही वलांडीखाली येणार नाय. बोंबील माझे मी बगेन. झाईला काय कळवायचं ते नंतर कळवा."

"आणि परीक्षेत पडली तर?"

"तर मी उचलीन. तुमी डोल शिवा."

बाप डोल शिवायला गेला.

पुढचे दिवस मी झोपले. कशी? चोरासारखी, स्वतःवर चिडत. बाहेर उधाण येऊन बोंबील पडले, आईचे हात एकटे चालताना ऐकू आले, आणि मी आत चटईवर पडून छपराकडे बघत राहिले. विश्रांती गोड असते असं म्हणतात. माझी कडू होती. त्या प्रत्येक झोपेच्या बदल्यात कुणाचे तरी हात सोलत होते, हे मला कळत होतं. शाळेत राऊत सरांनी पुन्हा चिकू चिरून ठेवला. या वेळी मी खाल्ला आणि म्हटलं, "सर, मजुरीचा प्रश्न मी सोडलेला नाही."

"सोडू नकोस," सर म्हणाले. "बी थुंक तेवढी."

मी पास झाले. वर्ग मिरवण्यासारखा नव्हता, पण झाईला नाही कळवण्याइतका होता. शिक्षिकेचं शिक्षण घेऊन मी तलासरीलाच आले, हे ओघानं आलंच.

ताई तेव्हा तिथे नव्हत्या. माझा निकाल लागल्यानंतर त्यांचा भाऊ येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. पत्रं आली थोडी, मग थांबली, आणि एका सकाळी कचेरीत बातमी आली. श्रद्धांजलीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. सगळे म्हणाले, शेवंताच लिहील, ताईंची लाडकी. मी लिहायला बसले, आणि आपोआप लेखणीतून शब्द उतरला: "अविश्रांत". त्या अविश्रांत झिजल्या. आम्ही सगळ्यांबद्दल हेच लिहितो. हा शब्द आमच्याकडे छापखान्यातल्या खिळ्यांनी जुळवून ठेवल्यासारखा तयार असतो. मी त्याकडे बघत राहिले. मग तो खोडला, आणि लिहिलं, की ताई एकदा आमच्या अंगणात दुपारभर झोपल्या होत्या, आणि पाड्यातल्या बायांनी त्यांची झोप राखली होती.

कचेरीतल्या एका कार्यकर्त्यानं मजकूर वाचला आणि कपाळाला आठी घातली. "श्रद्धांजलीत झोपल्याचं लिहितात का? लोक काय घेतील यातून?"

बहुमतानं तो परिच्छेद गेला. "अविश्रांत" परत आला. मी बहुमत मानलं, मानायचंच असतं. पण आजवर मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही: लोक काय घेतील यातून? ताईंनी देह झिजवला म्हणून आमच्या पाड्यात विहीर झाली हे खरंच आहे. त्या अजून वर्षानुवर्षं जगल्या असत्या तर आणखी विहिरी झाल्या असत्या, हेही खरं. पहिलं वाक्य पत्रकात बसतं. दुसरं बसत नाही.

काल लक्षी माझ्या वर्गात झोपली. डोकं वहीवर, हातात पेन्सिल तशीच. मी मुलांना खुणेनं गप्प केलं आणि उरलेला धडा फळ्यावर न बोलता लिहून काढला. मला वाटलं, मी आईसारखं काही केलं. घंटा झाली, ती दचकून उठली, फळ्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की माझी मान खाली गेली.

"बाई, मला उठवलं का नाय?"

तिचा धडा गेला होता. तो तिला कोण देणार? मी तिला झोप दिली ती तिच्याच पदरची काढून. अंगणातल्या बायांनी सभा थांबवून ठेवली होती. मी वर्ग पुढे नेला. आणि आईनं तर नुसतं झोप म्हटलं नव्हतं. माझ्या वाटणीचे बोंबील स्वतःच्या हातांवर घेतले होते. एवढं साधं मला इतकी वर्षं सुचलं नाही, आणि मी लक्षीला विश्रांतीवर भाषण द्यायला निघाले होते.

आज सकाळी मी तिच्या पाड्यावर गेले. तिच्या आईला म्हटलं, परीक्षा होईपर्यंत लक्षीचं पाणी मी भरते. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू? मास्तरीण?"

"माझ्या डोक्यानं मासळीच्या पाट्या वाहिल्यात."

तिनं हंडा दिला. टेकडीखालच्या डबक्यापर्यंत जाऊन भरून आणेपर्यंत माझ्या मानेच्या शिरा तटतटल्या. मासळीची पाटी पाण्याइतकी हिंदकळत नाही. चढताना डोक्यात पत्रकच चालू होतं. एका बाईनं एका मुलीचं पाणी भरल्यानं पाणी जवळ येत नाही. या पाड्याला विहीर पाहिजे, आणि ती मागायला मी येत्या बाजारी उभी राहणार आहे. हे सगळं खरं आहे. हंडाही खरा होता.

लक्षी दारात उभी होती. हातात पुस्तक, चेहरा रागानं काळवंडलेला. आपलं पाणी बाईंनी भरावं, ही तिला मदत वाटत नव्हती, अपमान वाटत होता. मला तो राग ओळखीचा होता. तिनं हंडा उतरवून घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "दमलात, बाई."

नाही गं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

"हो," मी म्हटलं. "दमले."

हे मी याआधी कुणासमोर बोलले नव्हते. लक्षीनं पायानंच चटई पुढे सरकवली.

"बसा मग."

मी बसले.